पडद्यामागचा राम आणि कोंडलेले वारे

शाळेतील नोकरीच्या बत्तीस वर्षांत आम्ही इतिहास आणि संस्कृत हे दोन विषय शिकविले. इतिहासातील ‘बृहद्भारत’ हे प्रकरण आमच्या विशेष आवडीचे असे. सुवर्णभूमी, सुवर्णद्वीप, यवद्वीप ही नावे फळ्यावर लिहिली की आमचा आवाज आपोआप चढे. ‘मुलांनो, समुद्रापलीकडे जे दिसते ती सगळी आपलीच संस्कृती,’ हे वाक्य आम्ही किती वर्गांना ऐकविले असेल याची गणती नाही. ते वाक्य निम्मेच खरे होते, हे कळण्यासाठी मात्र आम्हांस आधी निवृत्त व्हावे लागले आणि मग समुद्र ओलांडावा लागला. उरलेले निम्मे आम्हांस मलय लोकांच्या संगीताने शिकविले. तो धडा वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त मलेशियाची राजधानी क्वालालंपूर येथे राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता दोन महिने तेथे राहून आलो. शेजारी एक मलय कुटुंब होते. त्या घरातील आजीबाईंनी पहिल्याच दिवशी आमची चौकशी केली. आम्ही शिक्षक होतो असे समजताच त्या आम्हांस ‘चेगू’ म्हणू लागल्या. ‘एंचिक’ म्हणजे महाशय, त्याला ‘गुरू’ जोडून झालेला हा बोलण्यातला संक्षेप. तेथील प्रत्येक मूल आपल्या मास्तरांना असेच संबोधिते. आमच्या गावी ‘गुरुजी’ जाऊन ‘सर’ आले त्याला कैक वर्षे झाली. येथे समुद्रापार तो शब्द रोजच्या वापरात होता. आमची छाती फुगली. आम्ही वही काढली आणि मलय भाषेतील संगीताचे शब्द टिपू लागलो. स्वराला ‘सुआरा’, सुरासाठी ‘नादा’, गोड आवाजासाठी ‘मेर्दू’ म्हणजे आपला मृदू, आणि तारांच्या एका वाद्यास ‘कचापी’ म्हणजे संस्कृतातील कच्छपी. वहीचे पान भरले, आणि आमचे बृहद्भारताचे प्रकरण पुन्हा एकदा सिद्ध झाले असे आम्हांस वाटले.

परंतु वहीचे दुसरे पान उघडताच अडचण आली. सनईसारख्या वाद्याचे नाव ‘सेरुनाई’, आणि ते फारसी ‘सुर्नाय’ शब्दापासून आलेले. आपली ‘सनई’ही त्याच कुळातली. सारंगीसारखे गजाने वाजविण्याचे वाद्य ‘रबाब’, तो शब्द अरबी. ‘गांबुस’ नावाचे तंतुवाद्य अरबांच्या ऊदचे भावंड. व्हायोलिनला ‘बियोला’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज. आमच्या एका शब्दामागे परक्यांचे दोन शब्द उभे राहू लागले. याचे कारण त्या देशाच्या जागेत आहे.

मलय द्वीपकल्प आणि सुमात्रा यांच्यामध्ये जी चिंचोळी सामुद्रधुनी आहे, तिच्यावर मलाक्का बंदर वसले आहे. इ. स. १४०० च्या सुमारास तेथे राज्य स्थापन करणाऱ्या पुरुषाचे नाव परमेश्वर असे होते. पुढे त्याच राजघराण्याने इस्लाम स्वीकारला. त्या काळची शिडाची जहाजे वाऱ्याची बांधील. पश्चिमेकडून नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर गुजराती, तमिळ, अरब आणि इराणी व्यापारी येत. चीनकडची जहाजे उलट वाऱ्याने येत. आणि वारा फिरेपर्यंत साऱ्यांनाच मलाक्क्यास महिनोन्‌महिने मुक्काम करावा लागे. मुक्काम आला की रिकाम्या संध्याकाळी आल्या, आणि संध्याकाळी आल्या म्हणजे गाणे आलेच. पुढे इ. स. १५१० मध्ये गोवे घेणाऱ्या आफोंसो द आल्बुकर्कने दुसऱ्याच वर्षी, १५११ साली, मलाक्का जिंकले. पोर्तुगीजांचे राज्य तेथून केव्हाच गेले. त्यांचा बियोला मात्र मलय गवयाच्या खांद्यावर राहिला.

राजाची नौबत

मलय राजदरबारच्या वाद्यवृंदास ‘नोबात’ म्हणतात. हा शब्द वाचताच मराठी वाचकास चौघड्याची आठवण होईल, आणि ती खोटी नाही. फारसीतील जी ‘नौबत’ आपल्याकडे देवळांच्या व वाड्यांच्या नगारखान्यात आली, तीच तेथे सुलतानांच्या वाड्यात गेली. केदाह, पेराक, सेलांगोर आणि तेरेंगानू येथील नौबती जुन्या व प्रसिद्ध आहेत. नगारा, दोन तोंडांचे ढोल, सेरुनाई आणि चांदीची लांब तुतारी, जिला ‘नफीरी’ म्हणतात, ही त्यातील मुख्य वाद्ये. केदाहची राजधानी आलोर सेतार येथे नौबतीसाठी स्वतंत्र मनोरा असून वाद्ये तेथेच ठेवितात. वादकांचे काम पिढीजात असते आणि वाद्यांना कोणी सहसा हात लावीत नाही. पूर्वी मलाक्क्याच्या सुलतानाने मांडलिकास नौबत दिली, म्हणजे त्याच्या राजेपणावर शिक्का बसला असे समजत.

येथे भाषेचा एक चमत्कार सांगण्यासारखा आहे. अरबीत ‘तब्ल’ म्हणजे नगारा. मलय भाषेत त्याचे ‘ताबाल’ झाले, आणि राज्यारोहणाच्या क्रियेसच ‘ताबाल’ म्हणू लागले. अर्थात ज्याच्यासाठी नगारा वाजला तो राजा. आपण अभिषेक म्हणतो, त्यात पाणी मुख्य. इंग्रज मुकुट चढवितात. मलयांचा राजा नादाने होतो. १९५७ साली मलाया स्वतंत्र झाल्यापासून नऊ राज्यकर्त्यांपैकी एकाची दर पाच वर्षांनी देशाचा राजा म्हणून निवड होते, आणि त्या समारंभातही नौबत झडते.

लग्नघरातले गाणे

परंतु आमचे मन रमले ते लग्नघरात. शेजारच्या आजीबाईंच्या नातीचे लग्न होते, म्हणून आम्हांसही बोलावणे आले. नवरदेव दारात येण्यापूर्वी दहाबारा तरुण हातात ‘कोंपांग’ घेऊन पुढे चालले. कोंपांग म्हणजे एका बाजूस बकऱ्याचे कातडे ताणलेले, डफासारखे उथळ वाद्य. त्याची गंमत अशी की, पुरा ठेका कोणीच वाजवीत नाही. काही जण एक बोल धरितात, दुसरे त्याच्या फटीत आपला बोल बसवितात, तिसरे उरलेली जागा भरितात. आणि ऐकणाराच्या कानी मात्र पावसाच्या सरीसारखा एकच अखंड ताल पडतो. एकाने हात आखडला तर सर्वांचा ताल लंगडा होतो. एकत्र कुटुंबात ज्यांचा जन्म गेला, त्यांस या वाद्याचे मर्म निराळे सांगावयास नको.

वधूवरांस त्या दिवशी ‘राजा सहारी’ म्हणजे एका दिवसाचे राजे म्हणतात. मेंदीने रंगलेल्या हातांची ती दोघे चौरंगावर शेजारी बसतात, आणि वडीलधारी माणसे येऊन त्यांच्यावर हळदीने पिवळे केलेले तांदूळ टाकितात. ते पाहून आमच्या कुटुंबाने आमच्याकडे सूचकपणे पाहिले. ‘अक्षता!’ असे त्या हळूच म्हणाल्या.

सोयरीक जुळविताना दोन्हीकडची मंडळी ‘पंतून’ म्हणतात. पंतून हे चार चरणांचे पद्य. पहिल्याचे यमक तिसऱ्याशी आणि दुसऱ्याचे चौथ्याशी जुळते. पहिल्या दोन चरणांत एखादे साधे चित्र असते: नदीकाठचे झाड, बाजारातील फळ, पावसात भिजणारी होडी. त्यास ‘पंबायांग’ म्हणतात, म्हणजे सावली पाडणारे. खरा अर्थ पुढच्या दोन चरणांत. मुलीस मागणी घालावयाची असेल तर बागेतील फुलाविषयी विचारावयाचे. नकार द्यावयाचा असेल तर फूल अजून उमलले नाही म्हणावयाचे. कोणाचा अपमान होत नाही आणि बोलणेही होते. जात्यावरच्या ओवीत आपल्या आयाबहिणी अंगणातल्या तुळशीपासून सुरुवात करून मनातल्या दुःखावर येत, त्याची आम्हांस आठवण झाली. कुळ निराळे, पण रीत ओळखीची.

हेच पंतून गाण्यात गुंफिले म्हणजे मलाक्क्याचे ‘दोंदांग सायांग’ होते. दोघे गवई समोरासमोर येतात, एकाने पंतून टाकावे आणि दुसऱ्याने तेथल्या तेथे रचून उत्तर द्यावे. साथीला बियोला, रबाना नावाचे ढोलके आणि एक मोठी थाळीसारखी घंटा. विशेष हे की, हे गाणे एका जातीचे नाही. मलय मुसलमान ते गातात, मलय बोलणारे चिनी वंशाचे बाबा-न्योन्या गातात, पोर्तुगीज वंशाचे ख्रिस्ती गातात, आणि मलाक्क्याचे चिट्टी, म्हणजे कित्येक शतकांपूर्वी तेथे राहिलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे हिंदू वंशज, तेही गातात. २०१८ साली युनेस्कोने दोंदांग सायांगला, आणि २०२० साली पंतूनला, मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

मुंबईहून गेलेले पडदे

आता जो धागा सांगावयाचा तो थेट मुंबईस पोहोचतो. १८७० नंतरच्या दशकात मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या जहाजाने पेनांग बंदरी जाऊ लागल्या. रंगविलेले पडदे, झगझगीत पोशाख, इंद्रसभा आणि लैला-मजनू यांसारखी कथानके, हार्मोनियम आणि तबला हे सारे पाहून पेनांगचे लोक वेडे झाले. हिंदुस्थानी भाषा न कळूनही तीच गाणी रस्त्यात गुणगुणू लागले. थोड्याच दिवसांत तेथील हौशी मंडळींनी त्याच धर्तीवर मलय भाषेत नाटके बसविली. त्या नाट्यप्रकारास ‘बांग्सावान’ म्हणतात. १८८५ साली मामाक पुशी यांनी पेनांगला आपली बांग्सावान मंडळी काढली. याच सुमारास, १८८० साली, पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले होते. पारशी नाटकांचे वारे एकाच वेळी दोन दिशांना वाहिले, आणि दोन्ही ठिकाणी लोकांनी त्यातून आपापली भाषा बोलणारे नवे संगीत नाटक उभारिले.

बांग्सावानचे नट-गवई पुढे बोलपटांत गेले, आणि त्यांचे पडदे गुंडाळून ठेविले गेले. हाही अनुभव आपणांस नवा नाही. परंतु तबला-पेटी तेथे राहिली. दक्षिणेकडील जोहोर प्रांतात ‘गझल’ नावाची मलय गायकी आहे. पेटी, तबला, गांबुस आणि बियोला यांच्या साथीने गवई बसून गातो, आणि बोल असतात पंतूनचे! एका बैठकीत हिंदुस्थान, अरबस्तान, पोर्तुगाल आणि मलय देश. आम्ही ते गाणे ऐकले तेव्हा तबल्याकडे बोट दाखवून चिरंजीवांस म्हणालो, ‘हे आपले.’ तो हसून म्हणाला, ‘बाबा, पेटी कोठून आली ते आधी सांगा.’ पेटी युरोपातून आली हे आम्हांस ठाऊक होते. तिला ‘आपली’ म्हणण्याची सवय मात्र इतकी जुनी, की उत्तर सुचेना.

पडद्यामागचा राम

खरा धडा पुढेच होता. चिरंजीवांच्या कचेरीतील एक मलय सहकारी ईशान्येकडील केलांतान प्रांताचा. तो सुट्टीत गावी निघाला तेव्हा आम्हांसही कोता भारू शहरी घेऊन गेला. मलय कलांचे माहेरघर म्हणून हा प्रांत ओळखला जातो. तेथे रात्री एका खेड्यात आम्ही ‘वायांग कुलित’, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचे छायानाटक पाहिले.

खांबांवर उभारलेली एक लहान झोपडी. तिची पुढची बाजू पांढऱ्या कापडाने बंद केलेली. आत दिवा, पडद्याच्या बुडाशी केळीचे सोपट, त्यात खोचलेल्या गाईच्या चामड्याच्या रंगीत आकृती. सर्व पात्रे नाचविणारा आणि बोलणारा माणूस एकच. त्यास ‘दालांग’ म्हणतात. त्याच्या पाठीशी त्याच झोपडीत वाजविणारे बसतात: ढोलांच्या जोड्या, टांगलेल्या दोन मोठ्या घंटा, लहान घंटा आणि झांजा. स्वराचे वाद्य एकच, सेरुनाई. तिच्या तोंडाशी ताडाच्या पानाची चौपदरी पिपाणी असते. वाजविणारा नाकाने श्वास आत घेतो आणि त्याच वेळी गालांत साठविलेली हवा वाद्यात सोडितो, त्यामुळे सूर तुटत म्हणून नाही. आम्ही डोळे मिटले तेव्हा क्षणभर आपल्या देवळाच्या ओटीवर आहोत असे वाटले.

डोळे उघडले तो पडद्यावर वडाच्या झाडाची आकृती थरथरत होती. मग धनुष्य घेतलेले दोन देव आले. मग सेरी राम आला. सीता देवी आली, ती तेथे ‘सीती देवी’. लक्ष्मण आला, तो ‘लाक्सामाना’. आणि गंमत पाहा, हेच नाव मलय भाषेत आरमाराच्या सेनापतीची पदवी होऊन बसले आहे. रावण तेथे ‘महाराज वाना’, आणि हनुमान पांढरा वानर. मूळ कथेस तेथे खोडाची कथा म्हणतात, आणि दालांगांनी रचलेल्या उपकथांस फांदीच्या कथा. पाक डोगोल आणि वाक लोंग नावाचे दोन विदूषक मधूनच येऊन गावातील महागाईवर बोलतात आणि मुले पोट धरून हसतात. हा पाक डोगोल बेढब व काळा, परंतु तो वस्तुतः खाली उतरलेला श्रेष्ठ देव आहे अशी जुनी समजूत आहे.

मलय रामकथेचा ग्रंथ ‘हिकायत सेरी राम’. त्याचे एक फार जुने हस्तलिखित सतराव्या शतकात ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात गेले. त्या कथेत हनुमान हा रामाचाच पुत्र आहे. रावण तप करितो तेव्हा आदम पैगंबराच्या मध्यस्थीने त्याला अल्लाकडून स्वर्ग, पृथ्वी, पाताळ आणि समुद्र अशी चार राज्ये मिळतात. हे ऐकून आमच्यातील संस्कृतचा मास्तर जागा झाला. खेळ संपल्यावर वृद्ध दालांगांस भेटलो. त्यांना सर्वजण आदराने ‘तोक’ म्हणत. चहाचे पेले आले. आम्ही दुभाष्यामार्फत म्हणालो, ‘तोक, आपला खेळ फार सुंदर झाला. ही कथा आमच्या देशातून आपल्याकडे आली. मूळ कथेत हनुमान वायुपुत्र आहे.’

म्हातारा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘चेगू, ही कथा मला माझ्या गुरूने दिली, त्याला त्याच्या गुरूने दिली. आपल्या देशातून कोणी ती घेऊन आलेला मी पाहिला नाही. आलेले पहिले आपणच.’ सर्व हसले, आम्हीही हसलो. परंतु त्याचे बोलणे संपले नव्हते. ‘आपल्याकडे सेरी रामाला पडद्यावर कोण नाचवितो?’ त्याने अगदी निर्मळपणे विचारिले.

आम्ही निरुत्तर झालो. कोकणातील आमच्या घरापासून दोन-तीन तासांच्या वाटेवर, कुडाळजवळ पिंगुळी येथे, ठाकर समाजाची मंडळी चामड्याच्या बाहुल्यांनी रामायण खेळतात, हे आम्हांस पुस्तकातून ठाऊक होते. आम्ही ते सबंध आयुष्यात एकदाही पाहिलेले नव्हते. ते ‘त्यांचे’ आहे, अशीच आमच्या मनाची घडण होती. आळीतील राम परका आणि समुद्रापारचा राम आपला, असा हा आमचा बृहद्भारत!

कोंडलेले वारे

दुसऱ्या दिवशी त्याच गावातील एका वृद्ध बाईंकडे गेलो. या ‘मक योंग’ गाणाऱ्या. मक योंग हे केलांतानचे जुने नृत्यनाट्य. त्यात नायक राजपुत्राचे काम स्त्रीच करिते. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून रंगभूमीवर उभे राहिले. तिकडे बायका राजपुत्राचा मुकुट घालितात. फणसाच्या लाकडाचा तीन तारांचा रबाब, दोन ढोल आणि दोन घंटा एवढीच साथ. खेळ सुरू होताना सर्व स्त्रिया रबाबाकडे तोंड करून जमिनीवर बसतात आणि अत्यंत संथ गाण्याबरोबर केवळ हात आणि धड हलवीत हळूहळू उठतात. या आरंभाचे नावच ‘रबाबास सामोरे जाणे’. या कलेतील थोर गायिका खतिजा अवांग (१९४१–२०००) यांस १९९९ साली राष्ट्रीय कलावंताचा मान मिळाला होता.

१९९० साली केलांतानमध्ये इस्लामी पक्षाचे राज्य आले. त्यानंतर मक योंगच्या जाहीर खेळांवर बंदी आली आणि छायानाटकावरही निर्बंध बसले; १९९८ च्या करमणूक नियंत्रणाच्या कायद्याने ते पक्के झाले. आक्षेप दोन होते: खेळाआधी भूतदेवतांस नैवेद्य व आवाहन होते, आणि स्त्रिया परपुरुषांसमोर गातात-नाचतात. २००५ साली युनेस्कोने मक योंगला मानवजातीचा थोर वारसा म्हणून गौरविले आणि २००८ साली आपल्या यादीत घेतले. जगात मान आणि माहेरी मनाई, अशी त्या कलेची स्थिती कित्येक वर्षे होती. २०१९ साली बंदी उठली. परंतु पोशाख, स्त्रीपुरुषांचे एकत्र काम आणि पूजाविधी यांविषयीच्या अटींसह. जुने जाणकार म्हणतात की, त्या अटी पाळल्या तर उरते ते मक योंगचे कवच. दुसऱ्या बाजूस तेथील धर्मनिष्ठ गृहस्थ म्हणतात की, आमच्या श्रद्धेस जे पटत नाही ते केवळ जुने म्हणून का ठेवावे? आम्ही पाहुणे, निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही.

त्या बाईंस आम्ही विचारिले, ‘मक, मनाईच्या वर्षांत आपण काय केलेत?’

त्या म्हणाल्या, ‘स्वयंपाकघरात गात होते. नातवंडे निजल्यावर.’ मग थोड्या थांबून त्यांनी ‘आंगिन’ची गोष्ट सांगितली. आंगिन म्हणजे वारा. केलांतानच्या जुन्या लोकांची समजूत अशी की, प्रत्येक माणसाच्या अंगी जन्मतः एक वारे असते: कोणाचे राजपुत्राचे, कोणाचे योद्ध्याचे, कोणाचे गाण्याचे. ते वाहते राहिले तर माणूस सुखी. कोंडले तर आजारी पडते, अन्न जात नाही, झोप येत नाही, आणि वैद्यास रोग सापडत नाही. अशा रोग्यासाठी ‘मायन पुतरी’ नावाचा उपचार करीत. रबाब वाजविणारा आणि अंगात येणारा भगत मिळून रोग्याचे वारे ओळखीत, त्याला हवे ते गाणे वाजवीत, आणि रोगी उठून नाचू लागे. आयुर्वेदातील वातदोष तो हा, असे म्हणण्यास आमची जीभ वळवळली. परंतु आदल्या रात्रीचा धडा ताजा होता. आम्ही गप्प राहिलो.

आणि गप्प राहिल्यामुळेच एक आठवण वर आली. आमच्या वडिलांची एक आत्या आमच्या घरी असे. आम्ही तिला आक्का म्हणत असू. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी आली. तिचा गळा इतका गोड होता, की मंगळागौरीस साऱ्या आळीतून तिला बोलावणी येत, असे आमची आजी सांगे. विधवा झाल्यावर गाणे बंद. मनाई कोणा सरकारची नव्हती. आमच्या पणजोबांनी ओटीवरून एक वाक्य उच्चारिले, एवढेच. पुढे पन्नास वर्षे ती पहाटे जात्यावर तेवढी हलक्या आवाजात ओव्या म्हणे, आणि कोणी उठल्याची चाहूल लागली की थांबे. तिला अन्न जात नसे, झोप येत नसे. तालुक्याच्या डॉक्टरांस रोग सापडला नाही. ‘वात आहे’, असे घरातील सर्वजण म्हणत. आम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होतो. उठल्याची चाहूल पुष्कळदा आमचीच असे.

आम्ही ही हकीकत त्या बाईंस सांगितली. दुभाषा मुलगा सांगता सांगता मध्येच थांबला. बाईंनी विचारिले, ‘तिची गाणी आपल्याला येतात?’

एकही येत नाही. बत्तीस वर्षे सुवर्णद्वीपाचे प्रकरण शिकविणाऱ्या आम्हांस आमच्या घरातल्या जात्यावरची एक ओवी पाठ नाही.

मग बाईंनी कोपऱ्यातील रबाब आणविला. त्यांच्या भाच्याने तो जुळविला, आणि त्या त्याच्याकडे तोंड करून बसल्या. शब्द आम्हांस कळले नाहीत. सूर संथ होता, दुखऱ्या जागेवरून हात फिरवावा तसा. चिरंजीव आमच्या शेजारी खाली मान घालून बसले होते.

आज वायांगचे दालांग थोडे उरले आहेत. त्यांची मुले कारखान्यांत आणि शहरांत गेली. तथापि काही तरुण नव्या वाटा काढीत आहेत. क्वालालंपूरच्या एका चित्रकाराने केलांतानच्या दालांगास हाताशी धरून ग्रहांवरच्या युद्धाच्या अमेरिकन बोलपटातील पात्रे चामड्यात कोरली, आणि तीच सेरुनाई, तेच ढोल घेऊन खेळ लाविले. वृद्ध दालांगांस आम्ही याविषयी विचारिले तेव्हा ते म्हणाले, ‘फांदी नवी आहे. खोडाला पाणी घालणारा असला म्हणजे झाले.’

कलेचा शब्द कोठून आला हे शोधणे विद्येचे काम आहे, आणि ते आम्ही टाकणार नाही. परंतु तेवढ्याने कला आपली होत नाही. जो ती गळ्यात वागवितो, मनाई असताना स्वयंपाकघरात गुणगुणतो, आणि पुढच्याच्या हाती देतो, त्याची ती. या न्यायाने सेरी राम केलांतानचा आहे, बियोला मलाक्क्याचा आहे, आणि आपल्या आजीची ओवी आपली आहे की नाही, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

परत आल्यावर आम्ही पहिल्याप्रथम पिंगुळीस जाऊन आलो. दुसरे काम असे केले की, आळीत ऐंशीच्या पुढच्या ज्या चार-पाच वृद्ध स्त्रिया आहेत, त्यांच्याकडे आमच्या कुटुंबासह रोज सायंकाळी वही घेऊन बसतो. पहिले आठ दिवस कोणीच गायले नाही. ‘आता कशाला ते?’ असे म्हणून साऱ्याजणी पदराआड हसत. नवव्या दिवशी एकीने सुरू केले, आणि दुसरी मध्येच म्हणाली, ‘असे नव्हे, ही ओवी आक्का निराळी म्हणायची.’

ती ओवी आम्ही उतरून घेतली आहे. चाल अजून नीट बसत नाही.